उशिरा उतरणारा पडदा : विद्युतदाह आणि मोतीबिंदू यांचा इतिहास

चेन्नईच्या दक्षिणेस, ईस्ट कोस्ट रोडवर सुमारे चाळीस किलोमीटर गेले की कोवलम हे कोळ्यांचे गाव लागते. आज ते समुद्रकिनाऱ्यासाठी ओळखले जाते. अठराव्या शतकात मात्र इंग्रजांच्या नकाशांवर ‘कोव्हलाँग’ या नावाने नोंदलेले हे ठिकाण लष्करी महत्त्वाचे होते. कर्नाटकच्या नवाबाने येथे किल्ला बांधला होता आणि पुढे तो फ्रेंचांच्या ताब्यात गेला. १७५२ च्या उत्तरार्धात रॉबर्ट क्लाइव्हने नवख्या सैनिकांच्या बळावर तो जिंकून घेतला. भारताच्या राजकीय इतिहासात ही घटना एका लहानशा परिच्छेदापुरती आहे.

विज्ञानाच्या इतिहासात मात्र १७५२ हे वर्ष दोन वेगळ्या कारणांनी महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी १० मे रोजी फ्रान्समधील मार्ली गावात तोमा-फ्रांस्वा दालिबार याच्या उंच लोखंडी दांड्यातून वादळी ढगाखाली ठिणग्या निघाल्या आणि आकाशातील वीज व प्रयोगशाळेतील वीज एकच आहे, या बेंजामिन फ्रँकलिनच्या तर्काला पुरावा मिळाला. त्याच वर्षी झाक दाव्हिएल या फ्रेंच नेत्रशल्यकाने मोतीबिंदू झालेले भिंग डोळ्यातून बाहेर काढण्याची आपली पद्धत पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीपुढे मांडली. तोपर्यंत जगभर हे भिंग सुईने डोळ्याच्या आतच मागे ढकलले जात असे.

विजेची ओळख आणि मोतीबिंदूची आधुनिक शस्त्रक्रिया अशा प्रकारे एकाच वर्षी पुढे आल्या. या दोहोंचा परस्परांशी असलेला संबंध मात्र नीट उलगडायला त्यानंतर दीडशे वर्षे लागली. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या हातापायांवरील जखमा भरून येतात, तो घरी जातो, कामावरही रुजू होतो आणि काही महिन्यांनी त्याच्या डोळ्यांपुढे धुके दाटू लागते. या उशिरा येणाऱ्या आजाराला वैद्यकात विद्युत-मोतीबिंदू म्हणतात. त्याचा इतिहास हा विजेच्या प्रसाराचाही इतिहास आहे.

पहिली नोंद

मोतीबिंदू म्हणजे नेमके काय, याविषयी सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गैरसमज होता. डोळ्यात वरून एक द्रव उतरतो, तो भिंगापुढे साकळतो आणि पडद्यासारखा आड येतो, अशी युरोपीय वैद्यांची धारणा होती. १७०५ मध्ये मिशेल ब्रिसो याने एका मृत सैनिकाच्या डोळ्याचे विच्छेदन केले, तेव्हा पडदा असा काही आढळला नाही. भिंगच गढूळ झालेले होते. आंत्वान मेत्र-जाँ यानेही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. अकादमीतील ज्येष्ठांनी आरंभी विरोध केला, पण पुरावा डोळ्यांसमोर होता.

या शोधाला दोन दशकेही उलटली नव्हती, तोच पॅरिसचा नेत्रवैद्य शार्ल द सँ-इव्ह याने १७२२ मध्ये विजेच्या आघातानंतर आलेल्या मोतीबिंदूचे वर्णन केले. ही आकाशातून कोसळलेली वीज होती. वैद्यकीय वाङ्मयात अशा मोतीबिंदूची ही पहिली नोंद मानली जाते. वीज म्हणजे काय हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. फ्रँकलिन त्या वेळी सोळा वर्षांचा होता. त्यामुळे ही नोंद एक चमत्कारिक घटना म्हणून राहिली. भिंग गढूळ झाले ते प्रखर प्रकाशामुळे की उष्णतेमुळे, की हवेच्या तडाख्यामुळे, याचा निवाडा करण्याचे साधन अठराव्या शतकाजवळ नव्हते.

तंजावरच्या वाड्यातील दोन वस्तू

कोवलमपासून दक्षिणेला कावेरीच्या खोऱ्यात तंजावर आहे. तेथील भोसले घराण्यातील सरफोजीराजे दुसरे यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी झाली. ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या मराठी राजाला राज्यकारभाराचे अधिकार जवळजवळ उरले नव्हते. १७९९ च्या तहाने ते कंपनी सरकारकडे गेले होते. त्यांनी आपले आयुष्य ग्रंथसंग्रह, वैद्यक आणि विज्ञान यांत घातले. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांनी आजचे रूप दिले आणि धन्वंतरी महाल या संस्थेत देशी व युरोपीय वैद्यकाचा एकत्र अभ्यास सुरू केला.

सरस्वती महालातील हस्तलिखितांत नेत्ररुग्णांच्या सविस्तर नोंदी आहेत. रुग्णाची तक्रार, डोळ्याची अवस्था, केलेला उपचार, त्याचा परिणाम आणि सोबत डोळ्यांची रंगीत चित्रे असे त्यांचे स्वरूप आहे. मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियांची वर्णनेही त्यांत आहेत. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी अलीकडच्या काळात या नोंदींचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या. रुग्णाची चित्रासह टिपणे ठेवण्याची ही शिस्त त्या काळातील भारतात विरळाच होती.

सरफोजीराजांच्या संग्रहात याखेरीज वैज्ञानिक उपकरणेही होती. दरबारात आलेल्या युरोपीय पाहुण्यांनी हवा काढून घेणाऱ्या पंपाचा आणि घर्षणाने वीज निर्माण करणाऱ्या यंत्राचा उल्लेख केला आहे. काचेचा गोल किंवा तबकडी फिरवायची, तिच्यावर कातड्याची गादी घासू द्यायची आणि साठलेल्या विद्युतभाराच्या ठिणग्या पाहायच्या, असे त्या यंत्राचे काम. मोतीबिंदूच्या नोंदवह्या आणि विजेचे यंत्र एकाच राजसंग्रहात होते. ठिणगी देणारी हीच वीज डोळ्याचे भिंग गढूळ करू शकते, हे दाखवणारा प्रयोग मात्र सरफोजीराजांच्या निधनानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने झाला.

लेडन जार आणि सशाचे डोळे

मधल्या काळात डोळ्याच्या आत पाहण्याची साधने तयार झाली. १८५१ मध्ये हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा भाग पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले. पाठोपाठ वीज पडून वाचलेल्या माणसांच्या डोळ्यांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली.

१८८८ मध्ये कार्ल हेस या तरुण जर्मन नेत्रवैद्याने प्रश्न प्रयोगाच्या कक्षेत आणला. लेडन जारमध्ये साठवलेला विद्युतभार त्याने प्राण्यांच्या डोळ्यांजवळून सोडला. काही तासांतच भिंगाच्या पुढील आवरणाखालच्या पेशी मरू लागल्या आणि त्यांच्यामागे भिंग गढूळ होऊ लागले. प्रखर प्रकाश किंवा नुसता यांत्रिक धक्का यांवर हा परिणाम ढकलता येत नव्हता. विद्युतप्रवाह स्वतःच भिंगाला इजा करतो, याचा हा ठोस पुरावा होता. १९०० मध्ये किरिबुची या जपानी संशोधकाने अशा प्रयोगांची व्याप्ती वाढवली आणि भिंगाबरोबर डोळ्याच्या इतर भागांनाही इजा होते, हे दाखवले.

या प्रयोगांचा हेतू आकाशातील विजेचा उलगडा करणे हा होता. पण हेस लेडन जार रिकामे करत होता, त्याच काळात माणसाने निर्माण केलेली वीज शहरांच्या रस्त्यांवर उतरत होती. १९०५ मध्ये देब्रिएर आणि बार्जी या फ्रेंच वैद्यांनी औद्योगिक विजेच्या धक्क्यानंतर मोतीबिंदू झालेल्या रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. सँ-इव्हचा रुग्ण आकाशाचा बळी होता, हा रुग्ण कारखान्याचा. विद्युत-मोतीबिंदू येथून पुढे कामगारांचा आजार झाला.

मद्रास आणि मुंबई

भारतात हा बदल प्रथम मद्रासच्या रस्त्यांवर दिसला. ७ मे १८९५ रोजी तेथे विजेवर चालणारी ट्राम सुरू झाली; देशातील ती पहिलीच. आरंभी तिला जमिनीखालील नळीतून वीज पुरवली जाई. पावसाळ्याच्या पाण्यापुढे ती व्यवस्था टिकली नाही आणि तारा डोक्यावर आल्या. १९०२ मध्ये शिवसमुद्रम येथील जलविद्युत कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून सह्याद्रीच्या पावसाची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची रेल्वे १,५०० व्होल्टच्या तारेखालून निघाली.

या प्रत्येक टप्प्याबरोबर एक नवा कामगारवर्ग तयार झाला : तारा ओढणारा, खांबावर चढणारा, फ्यूज बदलणारा. महाराष्ट्रात त्याला वायरमन किंवा लाइनमन म्हणतात. महावितरणने त्याला ‘जनमित्र’ हे नाव दिले आहे.

डोळ्यांच्या उपचाराची परंपरा मद्रासमध्ये याहून जुनी होती. १८१९ मध्ये तेथे ईस्ट इंडिया कंपनीने नेत्ररुग्णालय सुरू केले. पुढे ते एग्मोरला हलले आणि आज प्रादेशिक नेत्रविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. जगातील सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांत त्याची गणना होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे अधीक्षक असलेल्या रॉबर्ट हेन्री एलियट यांनी सुईने भिंग मागे ढकलणाऱ्या गावोगावच्या वैद्यांच्या रुग्णांचा अभ्यास केला. गमावलेले डोळे गोळा करून त्यांनी त्यांचे विच्छेदन केले आणि १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्यावर व्याख्याने दिली. सुश्रुतसंहितेत शलाकेने करावयाच्या या क्रियेचे काटेकोर वर्णन आहे. पण अप्रशिक्षित हातांत आणि निर्जंतुकीकरणाशिवाय ती किती डोळे घालवते, हे एलियट यांच्या अभ्यासातून दिसले.

मोतीबिंदूच्या उपचाराची इतकी दीर्घ परंपरा आणि वीज यांची भेट ज्या रुग्णात होते, तो रुग्ण बहुधा तरुण असतो. वयोमानाने येणारा मोतीबिंदू साठीत येतो, तर विद्युत-मोतीबिंदू पंचविशीत किंवा तिशीत येतो. म्हणूनच तो ओळखण्यात चूक होते. या वयात मोतीबिंदू असेल, असा संशयच येत नाही.

भिंगच का?

विजेच्या प्रवाहाची वाट हातातून पायात गेली, तर डोळ्यातील भिंगाला इजा का व्हावी? याचे उत्तर भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या सीमेवर आहे.

रस्त्याकडेच्या खांबावरून जाणाऱ्या वाहिनीचा दाब बहुधा ११,००० व्होल्ट असतो. इतक्या दाबाखाली त्वचेचा रोध टिकत नाही. शरीराच्या आतील रोध स्थूलमानाने १,००० ओहम धरला, तर ११ अँपिअर प्रवाह वाहतो. ऊर्जेचा वेग होतो सुमारे १२० किलोवॅट, म्हणजे एक किलोवॅटच्या १२० शेगड्या एकदम पेटवल्यासारखा. संपर्क एक दशांश सेकंद टिकला, तर शरीरात सुमारे १२ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. ही उष्णता साठ किलोच्या शरीरात सारखी पसरली असती, तर तापमान एक दशांश अंशानेही वाढले नसते. पण ती सारखी पसरत नाही. प्रवाह मनगट, कोपर, मान अशा अरुंद भागांतून जाताना दाटतो आणि त्याच्या घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात तेथील ऊती तापतात. धक्का डोक्याला, चेहऱ्याला किंवा मानेला बसला की डोळ्यांना धोका अधिक, हे निरीक्षण या गणिताशी जुळते.

मात्र केवळ उष्णतेने सर्व रुग्णांचा उलगडा होत नाही. चेहऱ्यावर भाजल्याची खूणही नसताना मोतीबिंदू झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. १९८७ मध्ये राफेल ली आणि मायकेल कोलोडनी यांनी विजेच्या इजेकडे पाहण्याची दिशा बदलली. पेशीचे आवरण सुमारे पाच नॅनोमीटर जाडीचे असते आणि विश्रांतीच्या अवस्थेत त्याच्या दोन बाजूंत एका व्होल्टचा दहावा भागही फरक नसतो. बाहेरून प्रबळ विद्युतक्षेत्र लादले गेले, तर लांबट पेशींच्या टोकांशी हा फरक कित्येक पटींनी वाढतो आणि आवरणाला छिद्रे पडतात. दीड मीटर अंतरावर ११,००० व्होल्ट म्हणजे दर सेंटिमीटरला सुमारे ७३ व्होल्ट. मिलिमीटरभर लांबीच्या स्नायुपेशीच्या टोकांना यातून काही व्होल्ट मिळतात आणि आवरण फाटायला एक व्होल्टही पुरतो. ली आणि कोलोडनी यांचा अभ्यास स्नायूंच्या संदर्भात होता. पण भिंगातील तंतुपेशी शरीरातील लांब पेशींपैकीच आहेत, त्यांची लांबी जवळजवळ सेंटिमीटरपर्यंत भरते. त्यामुळे हाच विचार भिंगालाही लागू करणे सयुक्तिक ठरते.

भिंगाची रचना या इजेला आणखी घातक बनवते. भिंगात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर ते पारदर्शक राहिले नसते. त्याची किंमत अशी की साठलेली उष्णता वाहून नेणारे रक्त तेथे नाही आणि मेलेल्या पेशी उचलून नेणाऱ्या पांढऱ्या पेशीही नाहीत. भिंगाच्या पुढच्या पृष्ठभागावर पेशींचा एकच थर असतो. तोच पाणी आणि क्षार यांचा तोल राखतो आणि जन्मभर नवे तंतू तयार करतो. जुने तंतू कधीच टाकून दिले जात नाहीत; ते आत दाबले जातात. त्यामुळे भिंगाला झालेली इजा पुसली जात नाही, ती साठून राहते.

महिन्यांचा अवधी

या आजाराचे सर्वांत फसवे लक्षण म्हणजे त्याला लागणारा वेळ. पेशींच्या थराला इजा झाली की पाणी आत झिरपू लागते. प्रथम भिंगाच्या पुढच्या आवरणाखाली, कडेच्या बाजूला सूक्ष्म बुडबुड्यांसारख्या पोकळ्या दिसतात. त्या मध्यभागापासून दूर असल्याने रुग्णाला काहीच जाणवत नाही, आणि औषध घालून बाहुली मोठी केल्याशिवाय त्या तपासणाऱ्यालाही दिसत नाहीत. पुढे त्या एकमेकींत मिसळतात, बर्फाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके उमटतात, प्रथिने साकळतात आणि गढूळपणा मध्यावर सरकतो. काही रुग्णांत भिंगाच्या मागच्या आवरणालगतही डाग येतात. धक्क्यापासून दृष्टी मंदावेपर्यंत बहुधा काही महिने जातात. काही वेळा वर्ष किंवा त्याहूनही अधिक.

या सूक्ष्म पोकळ्या जिवंत डोळ्यात पाहणे शक्य झाले ते १९११ नंतर. त्या वर्षी स्वीडनच्या आल्व्हार गुलस्ट्रँड यांनी बारीक फटीतून येणाऱ्या प्रकाशाने डोळ्याचे थर दाखवणारा दिवा सादर केला. डोळ्यातील प्रकाशाच्या वक्रीभवनावरील कार्यासाठी त्यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. आज तालुक्याच्या नेत्रचिकित्सालयातही असलेला ‘स्लिट लॅम्प’ तो हाच. विद्युत-मोतीबिंदूचे आरंभीचे टप्पे वैद्यांना त्यानेच शिकवले.

१९६२ मध्ये अमेरिकेत जॉन लाँग यांनी रुग्ण आणि ससे या दोहोंवरील निरीक्षणे एकत्र मांडून या आजाराचा क्रम स्पष्ट केला. १९८५ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील वैद्यांनी विजेच्या इजा झालेल्या शंभराहून थोड्या अधिक रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा शंभरात सुमारे सहांना मोतीबिंदू झाल्याचे आढळले. पुढच्या अभ्यासांतील प्रमाण यापेक्षा कमीअधिक आहे, कारण रुग्णांवर किती काळ लक्ष ठेवले गेले यावर ते अवलंबून असते. जेथे रुग्ण जखम भरल्यावर परत बोलावला जात नाही, तेथे हे प्रमाण कागदावर शून्यही येऊ शकते.

मोतीबिंदू ही विजेने होणारी डोळ्याची एकमेव इजा नाही. ठिणगीच्या अतिनील किरणांनी पारपटलाला सूज येते, ज्वालेने पापण्या भाजतात. डोळ्याच्या आत दाह होतो, रक्तस्राव होतो, दृष्टिपटल सुटते किंवा त्याच्या मध्यबिंदूला छिद्र पडते, दृष्टिचेता सुकते. मोतीबिंदू काढता येतो. दृष्टिचेतेला झालेली इजा भरून येत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर किती दिसेल, हे भिंगापेक्षा भिंगामागील भागांवर ठरते. भिंग पूर्ण गढूळ झाले की मागचे काही दिसत नाही आणि ध्वनिलहरींच्या तपासणीवर विसंबावे लागते. भिंग स्वच्छ असताना दृष्टिपटलाची तपासणी करून ठेवण्याचे महत्त्व येथे कळते.

शस्त्रक्रियेची बाजू मात्र उजळ आहे. १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवले. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचछताचे पर्स्पेक्सचे तुकडे डोळा सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी श्रवणातीत कंपनांनी भिंग फोडून सूक्ष्म छेदातून काढण्याची पद्धत आणली. त्यामुळे दृष्टिपटल आणि दृष्टिचेता शाबूत असलेल्या तरुण लाइनमनला आज पुन्हा स्पष्ट दिसू शकते. अट एकच : आजार ओळखला गेला पाहिजे.

दोन वर्षांची मुदत

ओळख पटवण्याचा प्रश्न वैद्यकापुरता राहत नाही. भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. जे वाचतात त्यांची मोजदाद तितकी नेटकी होत नाही. त्यांत लाइनमन असतात, तसेच शेतातील मोटार सुरू करणारे शेतकरी, गच्चीवरून जाणाऱ्या तारेला लोखंडी सळई लागलेले गवंडी आणि पतंग काढायला गेलेली मुलेही असतात. मुंबईच्या लोकलमार्गांवर १,५०० व्होल्टच्या जागी २५,००० व्होल्टचा दाब आल्यानंतर गाडीच्या टपावर चढणाऱ्याला तारेला स्पर्श करण्याचीही गरज उरली नाही. ठिणगी हवेतूनच त्याच्यापर्यंत येते.

किनारपट्टीवर आणखी एक कारण जोडले जाते. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचा थर खांबांवरील चिनीमातीच्या इन्सुलेटरवर साचतो, दवाने ओला होतो आणि वाहक बनतो. कोवलम असो वा कोकण, खाऱ्या हवेत गंज आणि गळती यांचे प्रमाण वाढते. डिसेंबर २०१६ मध्ये वर्धा चक्रीवादळ चेन्नईजवळ धडकले आणि जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. दोन्ही वेळा विजेचे असंख्य खांब कोसळले आणि दिवे परत लागावेत म्हणून लाइनमन दिवसरात्र खांबांवर होते. वीज केव्हा येणार, हा प्रश्न तेव्हा सर्वांच्या तोंडी असतो. ज्या हातांनी ती येते, त्यांच्या डोळ्यांचा विचार सहसा मनात येत नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेला १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा कामावर झालेल्या इजेसाठी भरपाई देत असे. ज्या कामासाठी दृष्टी आवश्यक आहे असे कोणतेही काम करता येणार नाही इतकी दृष्टी गेली, तर त्या कायद्याच्या परिशिष्टात ती शंभर टक्के कमाईशक्तीची हानी मानली होती. पण दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा, अशी साधारण अट होती. पुरेसे कारण दाखवले तर विलंब माफ होऊ शकत असे. ते कारण मात्र कामगाराला दाखवावे लागे. हात कापला गेला तर त्याची नोंद पहिल्याच दिवशी होते. दृष्टी दीड वर्षाने मंदावली, तर ती त्याच धक्क्याचा परिणाम आहे, हे सिद्ध करण्यासाठी अपघाताच्या वेळी डोळे निरोगी होते, याची नोंद लागते. ती नोंद केलेलीच नसेल, तर तिशीतील मोतीबिंदूचे कारण काहीही सांगता येते.

म्हणूनच विजेने भाजलेल्या प्रत्येक रुग्णाची, डोळ्यांची तक्रार असो वा नसो, तो सावरताच बाहुली मोठी करून नेत्रतपासणी करणे आणि ती लिहून ठेवणे आवश्यक ठरते. त्यानंतर काही महिन्यांच्या अंतराने ती पुन्हा करावी आणि निदान वर्ष-दोन वर्षे ती सुरू ठेवावी. त्यासाठी लागणारा दिवा शंभर वर्षांहून जुना आहे, औषधाचे थेंब स्वस्त आहेत आणि तपासणीला अर्धा-पाऊण तास पुरतो. रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर ‘नेत्रतपासणीस यावे’ अशी एक ओळ आणि पुढची तारीख असली, तरी पुष्कळ साधते. चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे, दिव्याभोवती वलये दिसणे, उन्हात दिपणे, रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात काही न सुचणे ही लक्षणे अशा रुग्णाने अंगावर काढू नयेत.

सँ-इव्हने १७२२ मध्ये नोंदलेला रुग्ण आणि आज खांबावरून पडून वाचलेला लाइनमन यांच्यामध्ये तीन शतके आहेत. या काळात विजेचे स्वरूप कळले, भिंगाची इजा कळली, ती दाखवणारा दिवा आला आणि भिंग बदलण्याची शस्त्रक्रिया घराजवळ आली. तंजावरच्या दरबाराने दोनशे वर्षांपूर्वी एकेका रुग्णाच्या डोळ्याचे चित्र काढून ठेवले होते. विजेने भाजलेल्या आजच्या रुग्णाच्या डोळ्याची नोंद पहिल्याच आठवड्यात होणे, एवढेच आता बाकी आहे.